कोणालाच नको असलेली वस्तू

शाळा सुटली की फाटकाशी उभं राहून एकेक मूल ज्याचं त्याच्या हवाली करायचं, हे बाईंचं रोजचं काम. तेवढ्यात आयाबापांचं जे काही असेल ते ऐकून घ्यायचं आणि ‘हो का’, ‘बघते हं’, ‘उद्या बोलू’ एवढ्यावर वेळ मारून न्यायची. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. सरड्याच्या बापाला रुमाल सापडत नव्हता, मुंगीची आई डब्याचं झाकण मागत होती. मुलांची ही नावं बाईंनीच पाडलेली. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा आणि वर्षभर तोच होऊन राहायचं; तो राहतो कुठे, खातो काय, त्याला कोण खातं, हे सगळं त्याच्या वतीने त्या मुलानेच सांगायचं. वाघ-सिंह कोणाच्याच वाट्याला येत नसत. आपल्या अंगणात सापडेल तेच घ्यायचं, असा दंडक होता, त्यामुळे वर्गात बेडूक, सरडे, मुंग्या आणि कोळी यांचाच भरणा. एकच मुलगी गोगलगाय झाली होती. तिला कोणी नको म्हटलं नाही, कारण ते पद दुसऱ्या कोणालाच नको होतं. तिची आई त्या दुपारी सगळ्यांत शेवटी आली, मुलीची पाण्याची बाटली खांद्याला लावली आणि जाता जाता मागे वळून म्हणाली, “बाई, एक विचारायचं होतं. असणार नाही तुमच्याकडे, पण विचारून टाकते. तुमच्या खेळण्यांत एखादी टोपी आलीय का हो? पिवळी, हिरव्या काठाची. एवढीशी.” तिने एका हाताची मूठ दाखवली, मग मूठ थोडी सैल करून पुन्हा दाखवली. “बाळाची होती. त्याचं बाकी सगळं देऊन टाकलं आम्ही. तेवढी एक मी उशीखाली ठेवली होती. मला वाटलं, सासूबाईंनीच टाकली. बोलले मी त्यांना, नको नको ते बोलले. त्या रडल्या, तरी माझं तोंड थांबेना. आता वाटतं, त्यांनी नसेलच टाकली.” बाई म्हणाल्या, “बघते हं.” आणि गोगलगाय आईचं बोट धरून, रस्त्याच्या कडेकडेने, तिच्या त्या नेहमीच्या संथ चालीने निघून गेली.

त्या दोघी वळणापलीकडे जाईपर्यंत बाई फाटकाशीच उभ्या राहिल्या. टोपी कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून मातीची एक पट्टी आहे, तिथे वीतभर खाली ती होती, आणि बाईंनीच ती तिथे पुरून घेतली होती. दरवर्षी त्या मुलांकडून हा प्रयोग करून घेत. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, आपल्या हाताने खड्डा करून पुरायची, वर आइस्क्रीमच्या काडीवर आपला प्राणी काढून ती काडी रोवायची. मग वाट बघायची. पाणी घालायचं, पण उकरून बघायचं नाही. लहान मुलांना याहून मोठी शिक्षा नाही. आणि एके दिवशी सगळ्यांनी मिळून खणायचं, काय कुजलं आणि काय उरलं ते पाहायचं. केळ्याची साल कधीच गेलेली असे, कागद गेलेला असे, सुती मोज्याची नुसती इलॅस्टिकची कड शिल्लक असे. दातांचा ब्रश मात्र जसाच्या तसा निघे, वर हसऱ्या तोंडाने. खड्डा रिकामा निघाला की मुलं टाळ्या पिटून ओरडत, “माती झाली, माती झाली!” ब्रश निघाला की नाक मुरडत. शाळेतल्या मावशी म्हणत, “या बाईंच्या वर्गात कुजणाऱ्याची वाहवा आणि टिकणाऱ्याची छी-थू. जगात उलटं असतं हो.” बाई हसत. पण त्यांना मनापासून तसंच वाटायचं. मातीत गेलेली वस्तू दुसरं काहीतरी होते, तिथून गवत उगवतं, गवतावर किडा येतो, किड्यावर पक्षी. यात रडण्यासारखं काही नाही, हे इवल्याशा पोरांना हाताने कळावं, म्हणून तर सगळा खटाटोप.

खणायचा दिवस उद्याच होता. बाई रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे गुडघे हनुवटीशी आले. त्या दिवशी आपण काय म्हणालो होतो, ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. ‘घरातून अशी एक वस्तू आणा, जी कोणालाच नको आहे.’ दरवर्षी त्या हेच वाक्य म्हणत. एके वर्षी एका चिरंजीवांनी बापाचा नवा बूट आणला होता, तेव्हापासून ‘कोणालाच’ या शब्दावर जोर देत. गोगलगायीने फ्रॉकच्या खिशातून ती टोपी काढली तेव्हा बाईंच्या हाताला कालवलेली माती होती, पाच पोरं एकाच वेळी बोलत होती, आणि बाईंनी विचारलं होतं, “बाहुलीची का गं?” मुलीने मान हलवली होती. कशी हलवली होती? हो अशी, की नाही अशी? तिची मान नेहमीच अशी मधल्यामध्ये हलायची, आणि ज्याला जे हवं ते तो त्यातून घ्यायचा. बाईंना त्या घाईत ‘हो’ हवं होतं. बरं, बाळाचं माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, की या मुलीचा भाऊ गेला, काही दिवस येणार नाही, आली की जरा सांभाळून घ्या. आणि बाईंनी सांभाळून घेतलंही होतं. पहिल्या रांगेत बसवलं होतं, दोन दिवस जास्तीचा रंग दिला होता. झालं, सांभाळणं संपलं. तिसऱ्या दिवशी कोळ्याने गोगलगायीचं खोडरबर चावलं आणि त्या भानगडीत बाळ बाईंच्या डोक्यातून निघून गेलं. लोकांची दुःखं आपल्याकडे अशीच पाहुणी येतात, दोन दिवस राहून जातात. मुलीचं मात्र बरोबर होतं. टोपी होती, डोकं नव्हतं. मग टोपी कोणाला हवी? सांगितलेलं काम तिने अगदी चोख केलं होतं. वर्गात कोणी इतकं नीट ऐकत असेल, असं बाईंना कधी वाटलंच नव्हतं.

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा बाईंचा एकुलता एक हट्ट. ससा मेला की ‘झोपला’ म्हणायचं नाही, मेला म्हणायचं. बाकी सगळ्या बाबतीत त्या चार बायकांसारख्याच होत्या. भाजीवाल्याशी, नणंदेशी, मोठ्या बाईंशी त्यांनी गरजेपुरतं खोटं भरपूर बोलून घेतलं होतं, आणि मोठी माणसं त्यासाठीच असतात असं त्यांचं मत होतं. पण मुलांशी नाही. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्यांचे वडील गेले तेव्हा. त्या सात-आठ वर्षांच्या असतील. वडिलांची सायकल जिन्याखाली असायची. तिच्या मागच्या कॅरिअरवर बसून वडिलांच्या शर्टाची पाठ डोळ्यांसमोर घेऊन त्यांनी सगळं गाव पाहिलं होतं. एके दिवशी शाळेतून घरी आल्या तर जिन्याखाली नुसता तेलाचा डाग. आई म्हणाली, “दुरुस्तीला दिलीय.” शाळेच्या वाटेवर सायकलवाल्याचं दुकान होतं. त्या रोज जाता-येता थांबून आत बघत. उलट्या टांगलेल्या सायकली, सुट्ट्या चाकांचा ढीग, पाण्याच्या घमेल्यात बुडवलेल्या ट्यूबमधून निघणारे बुडबुडे. आज नाही तर उद्या होईल दुरुस्त. शेवटी दुकानदारानेच एकदा विचारलं, “काय हवंय गं तुला? रोज येऊन उभी राहतेस.” त्यांनी सायकलचा रंग सांगितला. तो म्हणाला, “तसली सायकल माझ्याकडे आलीच नाही, पोरी.” घरी येऊन त्या आईला काही बोलल्या नाहीत. आईही काही बोलली नाही, कधीच नाही. वडील गेले हे त्यांना खरोखर कळलं ते त्या दुकानात, हातात रबराचा तुकडा धरलेल्या परक्या माणसासमोर. आईला आता जाऊनही वर्षं झाली, पण त्या एका वाक्याचा राग काही बाईंना सोडवत नव्हता.

“बाई, आज घरदार विसरलात की काय?” मावशींनी दारातून विचारलं. झाडून त्यांचं झालं होतं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता. बाई म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे, मी लावते कुलूप.” मग त्यांनी मुलांच्या कपाटातलं एक छोटं खुरपं घेतलं आणि त्या मागच्या बाजूला गेल्या. टाकीतून पाणी झिरपून तिथली माती कायम ओलसर असायची. काड्या रांगेत उभ्या होत्या. बऱ्याचशा पावसाने वाकलेल्या, चित्रं पुसट झालेली. गोगलगायीच्या काडीवरचं शंखाचं वेटोळं मात्र खोल दाबून काढलेलं होतं, ते दिसत होतं. बाई उकिडव्या बसल्या. आपण काय उकरणार आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. लोकर म्हणजे मेंढीचा केस. केस कुजायला वेळ लागतो, पण इतक्या ओलीत आतापर्यंत त्याची जाळी झाली असणार. कुठे काठ, कुठे दोरा. हात लावला की तुटणार. ते कागदावर ठेवून त्या आईसमोर धरायचं? ‘ही घ्या तुमच्या बाळाची टोपी, छान कुजलीय, आमचा प्रयोग यशस्वी झाला’? एरवी मातीच्या ज्या वासाने त्यांना हायसं वाटायचं, तोच आज नाकाला बोचू लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माती उकरताना मनात म्हणत होत्या, कुजलेली नसू दे. काहीतरी उरलेलं असू दे.

“काय हो, पेपर फोडताय होय?” मावशी गेल्या नव्हत्या, टाकीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. “उद्या पोरं खणणार, आणि तुम्ही आजच?”

“एक वस्तू चुकून पुरली गेलीय, मावशी.”

“चुकून पुरलेलं लगेच काढावं. इतके दिवस ठेवून मग काढायचं, याला काही अर्थ नाही,” मावशी म्हणाल्या आणि जुडगा वाजवत निघून गेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, त्या आपल्या सवयीने बोलल्या होत्या. पण बाईंना ते लागलं, आणि लागलं म्हणून रागही आला. खुरप्याला काहीतरी मऊ अडकलं. त्यांनी खुरपं टाकलं, बोटांनी माती बाजूला केली. टोपी निघाली ती अख्खी. पिवळा रंग मातकट झाला होता, हिरव्या काठात गवताची मुळं शिरली होती, पण एक टाका सुटलेला नव्हता. बाईंचा जीव भांड्यात पडला. आतल्या पोकळीत एक गांडूळ वेटोळं करून बसलं होतं; ते त्यांनी अलगद काढून मातीत सोडलं. मग टोपी चिमटीत धरून ताणून पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं, ही लोकर नव्हेच. बाजारात लोकर म्हणून विकतात तो प्लॅस्टिकचा धागा. ही आणखी शंभर वर्षं इथेच राहिली असती, गांडुळांची घरं होत. जिच्या नावाने दरवर्षी पोरांना नाकं मुरडायला लावली, ती असली चीज आज बाईंना देवासारखी पावली होती. त्यांना हसूही आलं आणि आपली थोडी शरमही वाटली. खड्डा त्यांनी होता तसा बुजवला, वरची माती थापटली, काडी परत रोवली.

घरी जाऊन त्यांनी टोपी धुतली. मोरीत बसून, आधी नुसत्या पाण्याने, मग आपल्या स्वतःच्या शांपूने, मग पुन्हा एकदा. मुळं एकेक करून सुईने काढली. पाणी आधी काळं, मग चहासारखं, मग स्वच्छ येऊ लागलं. हे करताना त्यांना बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. हाताला काम असलं की मनाला शिस्त येते. आकार बिघडू नये म्हणून त्यांनी एक स्टीलची वाटी उपडी घातली आणि तिच्यावर टोपी चढवली. नवरा ऑफिसातून आला, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच थबकला. ओट्यावर टोपी घातलेली वाटी. “कोणाची गं?” त्याने विचारलं. “शाळेतल्या एका मुलीच्या भावाची.” “केवढा आहे?” बाईंनी टोपीचा काठ वाटीवर सारखा केला. त्याने बाहेरचा टेबलफॅन आणून ओट्याकडे तोंड करून लावला. मग दोघं जेवायला बसले. बाई मनातल्या मनात उद्याचं बोलणं जुळवत होत्या. खरं सांगायचं तर मुलीचं नाव येणार; आईच्या उशीखालून बाळाची टोपी काढून नेली आणि मातीत पुरली, हे ऐकल्यावर ती बाई मुलीकडे कोणत्या नजरेने बघेल? सासूला नाही का बोलली नको नको ते. तेव्हा आईला सांगायचं, खेळण्यांच्या पेटीत तळाशी सापडली. आई मोठी आहे, तिच्याशी खोटं चालतं. आणि मुलीला उद्या सकाळीच, खणायच्या आधी, बाजूला घेऊन खरं ते सांगायचं. टोपी मी काढली, आईला दिली, तुझं काही चुकलं नाही. एवढं साधं होतं. त्या रात्री त्यांना झोपही बरी लागली.

सकाळी गोगलगाय दप्तर सावरत आत गेली आणि बाईंनी तिच्या आईला फाटकाच्या आडोशाला थांबवलं. “सापडली हो. खेळण्यांच्या पेटीत होती, पार तळाशी.” त्यांनी कागदाची घडी पुढे केली. आईने ती उलगडली. पिवळी, मऊ, फुललेली टोपी. बाईंना स्वतःच्या कामाचा थोडा अभिमानच वाटला. आईच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं, की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा तिने टोपी दोन्ही हातांनी नाकाशी धरली होती. मग ती उलटी केली, आतली बाजू बाहेर, आणि पुन्हा धरली. रस्त्याने माणसं जात होती. एक रिक्षा थांबून गेली.

“धुतलीत तुम्ही,” ती म्हणाली.

“मळली होती हो. पोरांचे हात, तुम्हाला तर माहीतच...”

“मी धुतली नव्हती. त्याच्या डोक्याचा वास होता तिला.” ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. दुकानात आपली चूक समजावून सांगावी तसं बोलत होती. “मी रोज थोडाच घ्यायचे. एकदाच, झोपायच्या आधी. लवकर संपायला नको म्हणून.”

आईने टोपीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. “छान निघालीय. नवी दिसते अगदी,” ती म्हणाली. “सासूबाईंची माफी मागायला हवी आता. बरं झालं सापडली. थँक्यू हं बाई.” आणि ती निघाली. बाई फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या. इतके दिवस मातीत राहून वास कशाला उरतोय, त्यांनी स्वतःला सांगितलं. तो मातीनेच नेला असणार, पहिल्याच आठवड्यात. पण टोपी काढल्यावर आपण ती नाकाशी धरून पाहिलीच नव्हती. मातीचा वास येणार हे गृहीतच धरलं होतं. त्या टाक्यांच्या आत कुठे तेवढंसं काही शिल्लक होतं की नाही, हे आता या जगात कोणालाच कळणार नव्हतं. शांपूचा वास मात्र त्यांच्या बोटांना अजून येत होता.

त्या आत आल्या तोवर मुलांनी खुरपी वाटून घेतली होती. खणायचा दिवस म्हणजे त्यांचा सणच; आवरायला मावशी कमी पडत होत्या. मुलीला बाजूला घ्यायचं राहून गेलं. एक बेडूक टाकीच्या पाइपावरून घसरला, एकाने दुसऱ्याच्या खड्ड्यात हात घातला, मुंगी रडू लागली, आणि बाई त्या गोंधळात नुसत्या हात हलवत राहिल्या. “केळं गेलं!” “माती झाली!” “बाई, माझा बटाटा उगवला, बघा, बटाटा उगवला!” कोळ्याचा तुटका कंगवा निघाला तशी सगळ्यांनी नाकं मुरडली. आणि मग बाईंना दिसलं, रांगेच्या टोकाला गोगलगाय एकटी खणतेय. ती खुरप्याने नाही, चमच्याने खणत होती. थोडी माती काढायची, बाजूला ठेवायची, आत वाकून बघायची. बाकीच्यांचं झालं, तरी ती खणतच होती. बाई तिच्याकडे जायला निघाल्या. आता सांगायचं, आत्ताच्या आत्ता. पण तेवढ्यात सरडा तिच्या खड्ड्यावर वाकला आणि ओरडला, “गोगलगायीचं सगळंच्या सगळं गेलं! दोरापण नाही!” वर्ग टाळ्या पिटत धावला. इतक्या टाळ्या त्या मुलीला वर्षभरात कधी मिळाल्या नव्हत्या.

ती उठली आणि बाईंजवळ आली. कोपरापर्यंत चिखल, कपाळाला माती. तिने बाईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, “बाई, पूर्ण गेली. मी कोपऱ्यातपण बघितलं.”

“अगं, ऐक माझं,” बाई म्हणाल्या. “ती टोपी...”

“आता आई ती हुंगून रडणार नाही ना?”

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणून आणलीस होय तू? मी तर म्हटलं होतं, कोणालाच नको असलेली आण.”

“नकोच होती,” मुलगी समजावून सांगू लागली. “आजीला नको होती. बाबांना नको होती, ते म्हणायचे टाकून दे. मलापण नको होती.”

“आणि आईला?”

“आईला तर मुळीच नको. ती घेतली की रडते ना ती.” एवढं बोलून ती थांबली. इतकं लांब ती कधी कोणाशी बोलली नव्हती. मागे पोरांचा कल्ला चालूच होता. मावशी नळ सोडून एकेकाचे हात धरून धूत होत्या. मुलीने खड्ड्याकडे एकदा वळून पाहिलं, मग बाईंकडे. “गेली ना बाई? खरंच गेली ना?”

बाई खोटं बोलत नाहीत, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं, म्हणून तर ती विचारत होती.

“हो,” बाई म्हणाल्या. “गेली.”

मुलीने एकदा मान हलवली, या वेळी अगदी स्पष्ट, वरून खाली. मग हातातला चमचा टाकून ती नळाकडे पळत सुटली. तिला पळताना बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. शाळा सुटायला, तिची आई फाटकाशी यायला, अजून तासभर होता.